हेमलकशाची वाट आणि बातमीची भाषा

भामरागड आणि हेमलकसा यांच्यात अंतर तीनेक किलोमीटरचे. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळची ही शेजारगावे. एकाच्या बाजाराला दुसऱ्याची माणसे जातात, एकाच्या दवाखान्यात दुसऱ्याचे रुग्ण येतात. मराठी वाचकाच्या मनात मात्र ही दोन नावे दोन निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांत वस्ती करून आहेत. हेमलकसा हे रविवारच्या पुरवणीतले गाव आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'प्रकाशवाटा' हे आत्मकथन आणि २०१४ चा चित्रपट यांनी ते नाव घरोघरी नेले. या कथनाची घडण आता पक्की झाली आहे. निबिड अरण्य, एक निष्ठावान दांपत्य, भाषा न कळणारे रुग्ण, अंगाखांद्यावर खेळणारे वन्य प्राणी, हळूहळू मिळवलेला विश्वास. भामरागड हे मात्र पहिल्या पानावरचे गाव. ते चकमक, भूसुरुंग, आत्मसमर्पण आणि पर्लकोटेच्या पुलावरून वाहणारे पावसाळी पाणी यांच्या निमित्ताने छापले जाते.

या दोन प्रकारांच्या मध्ये जे उरते त्याला प्रकारच नाही. तेंदूपानाची मजुरी किती दिली गेली, स्वस्त धान्य दुकानात धान्य कोणत्या महिन्यात आले नाही, वनहक्काच्या दाव्यावर कोणता शेरा पडला, ही माहिती सेवेच्या कथेत बसत नाही आणि युद्धाच्या कथेतही बसत नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा विचार करताना जे छापू दिले गेले नाही त्याचीच गणती साधारणपणे होते. जे लिहिण्यासाठी प्रचलित भाषेत जागाच शिल्लक ठेवलेली नाही, त्याचा हिशेब पत्रकारितेच्या इतिहासात सहसा सापडत नाही. हा हिशेब वस्तुतः वाङ्मयाच्या अभ्यासकाचा आहे, कारण त्यातली सामग्री म्हणजे नामे, विशेषणे, क्रियापदे आणि निवेदकाचे स्थान.

प्रथम 'चकमक' हे नाम. गारगोटीवर पोलाद आपटून ठिणगी पाडण्याच्या साधनाला मराठीत चकमक म्हणतात. ठिणगी पडण्यासाठी दोन वस्तू एकमेकींवर आदळाव्या लागतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी मारा झाला हा निष्कर्ष त्या नामातच गृहीत आहे. चौकशी अधिकाऱ्याने जे शोधून काढायचे ते शीर्षकाने आधीच सांगून टाकलेले असते. त्यानंतर येते 'कंठस्नान'. 'जवानांनी इतक्या नक्षलवाद्यांना कंठस्नान घातले' हे वाक्य विदर्भातील वाचकाला इतके सवयीचे आहे की त्यातले रक्त त्याला दिसत नाही. बखरी आणि पोवाड्यांच्या वळणाचा हा शब्द रणांगण सूचित करतो, आणि रणांगणावर पंचनामा अप्रस्तुत ठरतो. पोवाड्याला शाहिराची सही असते. या बातमीला बहुधा तीही नसते. ती जिल्हा मुख्यालयातून निघालेल्या प्रसिद्धिपत्रकाची थोडी कापलेली, थोडी शिवलेली प्रत असते. मथळ्यावर भामरागडचे नाव असते, पण निवेदक भामरागडात नसतो.

'जहाल' या विशेषणाची कथा अधिक लांबची आहे. पोलिसांच्या पत्रकात आत्मसमर्पण करणारा किंवा मारला जाणारा प्रत्येक नक्षलवादी बहुधा 'जहाल' असतो. मवाळ नक्षलवादी अद्याप कोणत्याही पत्रकात आढळलेला नाही. हेच विशेषण विसाव्या शतकाच्या आरंभी एका राजकीय पक्षाने भूषणासारखे मिरवले होते, आणि त्या पक्षाचा पुढारी हा एक मराठी संपादक होता. टिळकांना १८९७ मध्ये अठरा महिन्यांची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली ती 'केसरी'तील मजकुरासाठी. १९०८ च्या खटल्याचा वाङ्मयीन भाग अभ्यासकांनी पुन्हा वाचण्यासारखा आहे. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर लिहिलेल्या लेखांवर तो खटला उभा राहिला. नऊ ज्यूररांपैकी सातजण युरोपीय होते. लेख मराठीत आणि निवाडा इंग्रजी भाषांतरावर. टिळकांनी एकवीस तासांहून अधिक काळ भाषण केले आणि त्यातील मोठा वाटा भाषांतराच्या चिकित्सेला दिला. अमुक शब्दाची मराठीतील छटा इंग्रजी प्रतिशब्दात कशी विकृत होते, हे ते मराठी न जाणणाऱ्यांना समजावून देत होते. सात विरुद्ध दोन असा कौल पडला आणि २२ जुलै १९०८ रोजी शिक्षा झाली. भाषांतराचा प्रश्न हा स्वातंत्र्याचा प्रश्न असू शकतो, याचा मराठीतला इतका ठसठशीत दाखला दुसरा नसावा. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात हा प्रश्न उलटा होऊन आला आहे. तेथे माणूस माडियात बोलतो, त्याचे मराठीत लिहून घेतले जाते, आणि वरच्या न्यायालयात ते इंग्रजीत वाचले जाते. एकेकाळी मूळ संहितेच्या जागी असलेली मराठी आता भाषांतरकाराच्या खुर्चीत बसली आहे. टिळकांनी जी तक्रार इंग्रजीविरुद्ध केली ती माडिया माणसाने मराठीविरुद्ध करावी, अशी ही स्थिती.

एप्रिल २०१८ मधील कसनासूर-बोरिया येथील घटना या दृष्टीने वाचता येते. २२ एप्रिलला इंद्रावतीच्या काठी सी-६० पथक आणि केंद्रीय राखीव दलाने केलेल्या कारवाईत पहिल्या दिवशी १६ मृतदेह मिळाल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी राजाराम खांदला येथे आणखी सहाजण मारले गेले. त्यानंतर नदीतून मृतदेह निघू लागले आणि एकूण आकडा ४० वर गेला. प्रत्येक आकडा बातमीत 'मोठे यश' या एकाच चौकटीत बसवला गेला. एटापल्ली तालुक्यातील गट्टेपल्ली गावातून मात्र वेगळे बोल ऐकू आले. गावातील आठ तरुण मुलेमुली, काही अल्पवयीन, कसनासूरला लग्नासाठी म्हणून निघाली होती आणि परतली नाहीत, असे त्यांचे नातेवाईक सांगत होते. ती मुले नुकतीच दलमात भरती झालेली होती, असे पोलिसांचे म्हणणे होते. कोणाचे खरे, हे ठरवणे हा या लेखाचा विषय नाही. त्या दिवसांतील क्रियापदे मात्र पाहण्यासारखी आहेत. पोलिस 'माहिती देतात', 'स्पष्ट करतात'. गावकरी 'दावा करतात', फार तर 'आरोप करतात'. एक क्रियापद ज्ञानाचे, दुसरे भांडणाचे. व्याकरणदृष्ट्या दोन्ही सकर्मक, पण एकाचे कर्म वस्तुस्थिती असते आणि दुसऱ्याचे कर्म शंका. या भेदासाठी कोणाही मंत्र्याला संपादकाकडे दूरध्वनी करावा लागत नाही.

तरीही काही बातमीदार गट्टेपल्लीपर्यंत गेले आणि तेथील माणसांशी बोलून त्यांनी लिहिले, हे नोंदवले पाहिजे. ते गेले म्हणूनच त्या गावाचे नाव आज माहीत आहे. 'माध्यमे विकली गेली' हे सरसकट विधान ज्यांना सोयीचे वाटते त्यांनी अशा वाटेवरून एकदा जाऊन यावे.

या प्रदेशात दुसरेही एक प्रसिद्धिपत्रक असते. ते लाल शाईत लिहिलेले, झाडाला चिकटवलेले किंवा मृतदेहाच्या छातीवर ठेवलेले असते. त्यातही ठरीव शब्द असतात, त्यालाही व्यक्तीची सही नसते, आणि त्यातले सर्वांत घातक नाम 'खबऱ्या' हे आहे. खबर देणारा तो खबऱ्या. म्हणजे बातमीदार आणि खबऱ्या या दोन शब्दांत कोशार्थाच्या पातळीवर फारसे अंतर नाही. अंतर आहे ते बातमी कोणाला दिली एवढ्यापुरते. वाचकांना देण्यासाठी माहिती गोळा करणारा माणूस या जंगलात वहीपेन घेऊन फिरतो तेव्हा दोन्ही बाजूंना त्याच्यासाठी एकेक नाम तयार ठेवावे लागते. साई रेड्डी यांना ती दोन्ही नामे मिळाली. इंद्रावतीच्या पलीकडे, छत्तीसगढच्या बिजापूर जिल्ह्यात ते 'देशबंधू'साठी लिहीत. २००८ मध्ये त्यांना त्या राज्याच्या विशेष जनसुरक्षा कायद्याखाली माओवाद्यांचे साथीदार म्हणून अटक झाली. डिसेंबर २०१३ मध्ये बासागुडा येथे माओवाद्यांनी त्यांना पोलिसांचा माणूस ठरवून ठार मारले. कथनमीमांसेत ज्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात त्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. दोन परस्परविरोधी कथनांना एकाच वेळी नकोसा झालेला निवेदक मात्र त्या चर्चेत आलेला नाही. बस्तरमध्ये कोणताही पत्रकार निर्भयपणे काम करतो असे म्हणू शकत नाही, असा निष्कर्ष एडिटर्स गिल्डच्या पथकाने मार्च २०१६ मध्ये काढला होता. नदीच्या अलीकडचे चित्र तितके भीषण नाही. परंतु नदी पावसाळा सोडला तर पायी ओलांडता येते.

तालुक्याचा वार्ताहर हा या व्यवस्थेतील सर्वांत दुबळा घटक. बातमीच्या मानधनावर त्याचे घर चालत नाही. कोणाचे किराणा दुकान असते, कोणाचे झेरॉक्सचे. वृत्तपत्राला त्याच्याकडून बातमीपेक्षा जाहिरात अधिक हवी असते, आणि जाहिरात देणारे म्हणजे पुढारी, कंत्राटदार आणि सरकारी खाती, म्हणजेच बहुधा बातमीचा विषय. पत्रकारांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा मंजूर केला. तो स्वागतार्ह होता. परंतु ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे अशा माणसाची व्याख्या त्यात आहे, आणि भामरागडच्या दुकानदार-वार्ताहराने आपला मुख्य व्यवसाय कोणता सांगावा?

आणीबाणीशी तुलना येथे अपरिहार्य आहे, पण ती सावधपणे करायला हवी. १९७५ ते १९७७ या काळात सेन्सॉर नावाचा एक अधिकारी होता. त्याला कार्यालय होते, त्याचे आदेश लेखी होते. म्हणूनच त्याला न्यायालयात खेचता आले. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सेन्सॉरच्या अधिकाराला मर्यादा घातल्या. लेखी आदेश ही एक संहिता असते. तिचे वाचन, अर्थनिर्णयन आणि खंडन करता येते. गडचिरोलीच्या जंगलात असा आदेश कोणी काढत नाही. 'कंठस्नान' लिहा असे कोणी बजावत नाही. जो दबाव शब्दांत मांडला गेलेला नाही त्याचे खंडन कशाने करायचे, ही अडचण आणीबाणीतील संपादकांना नव्हती.

हेमलकसा या नावाने ऑगस्ट २०१३ मध्ये एकदाच आपला ठरलेला वाङ्मयप्रकार ओलांडला. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील हेम मिश्रा हा विद्यार्थी पोलिसांनी पकडला. अहेरीच्या बसस्थानकावर, दोन आदिवासी तरुणांबरोबर, मजकूर साठवलेली चिप जवळ असताना त्याला अटक केली, असे पोलिसांचे कथन. आपल्या हाताच्या उपचारासाठी आपण हेमलकशाला प्रकाश आमटे यांच्या दवाखान्यात निघालो होतो आणि बल्लारशाच्या रेल्वे स्थानकावरच पकडले गेलो, असे त्याचे कथन. एकाच प्रवासाच्या या दोन संहिता. पहिलीत तो दूत आहे, दुसरीत रुग्ण. हेमलकशाला रुग्ण म्हणून हजारो माणसे जातात. ती वाट सेवेच्या कथेतील सर्वांत परिचित वाट. पण तीच वाट भामरागडची आहे, आणि भामरागडला जाणारा अनोळखी शहरी तरुण युद्धाच्या कथेत एकाच भूमिकेत प्रवेश करू शकतो. पुरवणीतले गाव पहिल्या पानावर आले, आणि त्या पानाच्या वाचकांना ते ओळखता आले नाही.

त्याच प्रकरणात पुढच्या महिन्यात पत्रकार प्रशांत राही यांना अटक झाली. न्यायालयीन कागदांत त्यांचे आडनाव सांगलीकर असे आहे. राही हे त्यांनी घेतलेले नाव, म्हणजे वाटसरू. उत्तराखंडात ते इंग्रजी दैनिकासाठी लिहीत; २००७ मध्ये तेथेही त्यांना माओवादी ठरवून अटक झाली होती आणि त्या खटल्यातून ते २०२२ मध्ये निर्दोष सुटले. २०१३ ची अटक गोंदिया जिल्ह्यात झाली की रायपुरात, याविषयीही दोन कथने आहेत. दिल्लीचे इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा पुढे याच खटल्यात आरोपी झाले. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी सहाही जणांना दोषी ठरवले, पाचजणांना जन्मठेप. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांना मुक्त केले; सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय एप्रिल २०२३ मध्ये रद्द करून फेरसुनावणीस पाठवला; ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने सर्वांची पुन्हा निर्दोष मुक्तता केली. आरोपींपैकी पांडू नरोटे हा आदिवासी तरुण ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेतच मरण पावला होता. साईबाबा सुटकेनंतर सात महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वारले. नरोटे याच्याविषयी मराठी वृत्तपत्रांत किती ओळी आल्या हे कोणी संशोधक विद्यार्थ्याने मोजून पाहावे. जप्तीच सिद्ध होत नाही, असे खंडपीठाचे म्हणणे पडले. आणि एखाद्या विचारसरणीचे साहित्य जवळ बाळगणे किंवा महाजालावरून उतरवून घेणे हा स्वतःहून गुन्हा होत नाही, हेही निकालपत्रात आले. वाचणे म्हणजे सामील होणे नव्हे, हा वाङ्मयाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात सांगायचा सिद्धांत उच्च न्यायालयाला दहा वर्षांनी सांगावा लागला.

पुस्तक आणि पुरावा यांच्या या गोंधळात वृत्तपत्रांनीही आपली भर घातली. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनाच्या सुनावणीत 'वॉर अँड पीस' हे पुस्तक घरी का ठेवले, असे न्यायाधीशांनी विचारल्याचे देशभर छापून आले आणि टॉलस्टॉयच्या नावाने दिवसभर हशा पिकला. प्रत्यक्षात उल्लेख विश्वजित रॉय यांनी संपादित केलेल्या 'वॉर अँड पीस इन जंगलमहाल' या पुस्तकाचा होता. न्यायाधीशांनी दुसऱ्या दिवशी तसे स्पष्ट केले. टॉलस्टॉयची बदनामी टळली म्हणून सर्वांनी निःश्वास टाकला. जंगलमहालवरचे पुस्तक तरी घरी का असू नये, हा प्रश्न त्या निःश्वासात विरून गेला. महाकादंबरीला जे संरक्षण प्रतिष्ठेने मिळते ते वार्तापर वैचारिक संकलनाला मिळत नाही. वाङ्मयीन श्रेणीव्यवस्था तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचते ती अशी.

मराठी नियतकालिकांच्या जगाला याहून जवळचा दाखला आहे. 'विद्रोही' या मराठी द्वैमासिकाचे संपादक सुधीर ढवळे यांना २ जानेवारी २०११ रोजी वर्धा रेल्वे स्थानकावर अटक झाली. ते वर्ध्याच्या एका साहित्य संमेलनाहून परतत होते. सुमारे चाळीस महिन्यांनी, मे २०१४ मध्ये, गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. जून २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात ते पुन्हा पकडले गेले आणि जामिनावर बाहेर यायला जानेवारी २०२५ उजाडला. हा खटला अद्याप निकालात निघालेला नसल्याने त्याच्या गुणदोषांवर बोलणे योग्य नाही. पण एका मराठी संपादकाच्या आयुष्यातील दहा वर्षे अशी जात असताना साहित्य संमेलनांच्या अध्यक्षीय भाषणांत लेखनस्वातंत्र्यावर सुबक परिच्छेद येत राहिले, आणि त्या परिच्छेदांत हे नाव शोधणे हे कष्टाचे काम आहे.

आता या शब्दांना कायद्याचे रूप मिळाले आहे. महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. साई रेड्डींना ज्याखाली अटक झाली त्या छत्तीसगढच्या कायद्याचे उदाहरण विधेयक मांडताना पुढे केले गेले होते. मूळ मसुद्यातील बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत कृतीबरोबरच बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, चिन्हे आणि दृश्य प्रतिरूपे यांचा समावेश होता. चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाला इतकी सर्वसमावेशक व्याख्या क्वचितच भेटते. संयुक्त समितीने केलेल्या बदलांनंतर कायद्याचा रोख 'कडव्या डाव्या' आणि त्यांच्यासारख्या संघटनांवर आणण्यात आला. 'जहाल'च्या शेजारी 'कडवा' हे विशेषण येऊन बसले. त्यांच्यासारख्या कोण, याचा निर्णय सादृश्यावर अवलंबून राहणार. अलंकारशास्त्रात सादृश्य हा उपमेचा प्राण मानला आहे, आणि दोन वस्तूंत साम्य पाहण्याचे कवीचे स्वातंत्र्य तेथे जवळजवळ अमर्याद आहे. ते स्वातंत्र्य शासनाला मिळाल्यावर लेखकाकडे कितपत उरते?

या प्रदेशाला मराठीत दुसरी भाषा मिळालीच नाही असे नाही. विलास मनोहर यांनी हेमलकशात राहून 'एका नक्षलवाद्याचा जन्म' लिहिली. तीत वनरक्षक, ठेकेदार, पोलिस आणि दलम यांच्याकडे माडिया माणसाच्या जागेवरून पाहिले आहे. जे बातमी म्हणून कधी छापले गेले नाही ते कादंबरी म्हणून विनासायास छापले गेले आणि वाखाणलेही गेले. समीक्षकांनी याला कादंबरीचा विजय मानले. तो बातमीचा पराभव होता, आणि त्याची नोंद कोणत्याही समीक्षेत नाही. काल्पनिक म्हणून सांगितलेल्या सत्याला कोणी प्रतिज्ञापत्र मागत नाही. त्यामुळे त्यावर कोणाला कारवाईही करावी लागत नाही.

युद्धाची कथा मात्र आता उतरणीला लागली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली. लाल शाईची पत्रके कमी होतील. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, नवे रस्ते, पूल आणि त्यांची कंत्राटे हे जिल्ह्याचे यापुढचे विषय असतील. 'नक्षलग्रस्त' हे विशेषण गळून पडले की बातमीदाराची वाट मोकळी होईल, असा एक समज आहे. इंद्रावतीपलीकडच्या बिजापुरात त्या समजाची परीक्षा होऊन गेली आहे. मुकेश चंद्राकर हा तेथील तरुण पत्रकार 'बस्तर जंक्शन' ही यूट्यूब वाहिनी चालवी. एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांनी धरून ठेवलेल्या केंद्रीय राखीव दलाच्या जवानाला सोडवून आणणाऱ्यांत तो होता. डिसेंबर २०२४ मध्ये नेलसनार ते गंगालूर या रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी प्रसारित झाली, तिच्यामागे त्याचे श्रम होते. १ जानेवारी २०२५ रोजी तो घराबाहेर पडला आणि ३ जानेवारीला एका कंत्राटदाराच्या आवारातील बुजवलेल्या टाकीत त्याचा मृतदेह सापडला. त्या बातमीत चकमक नव्हती, कोणी जहाल नव्हते, कोणाला कंठस्नान घातलेले नव्हते. एक नवा रस्ता होता, त्यावरचे खड्डे होते, आणि त्या कामावर झालेला खर्च.